फोनमधल्या होकायंत्राला उत्तर दिशा माहीतच नसते

गेल्या पावसाळ्यात आम्ही पाच जण हरिश्चंद्रगडावर धुक्यात अडकलो. देवळापासून तोलार खिंडीकडे परत निघालो होतो, म्हणजे ढोबळमानाने पूर्वेला. दहा पावलांपुढचं काही दिसत नव्हतं आणि नेटवर्कचा तर प्रश्नच नव्हता. मी खिशातून फोन काढला, होकायंत्राचं ॲप उघडलं आणि फोन समोर धरला. पडद्यावर आलं, ‘पूर्व, ९४ अंश’. मग काय, मी पुढे आणि बाकीचे माझ्या मागे.

पंधरा-वीस मिनिटांनी धुक्यातून आधी घंटेचा आवाज आला, मग दोन म्हशी आणि त्यांच्यामागे घोंगडं पांघरलेले एक आजोबा. त्यांनी विचारलं, "कुठं निघालाय?" मी म्हटलं, "तोलार खिंडीत, बाबा." ते थांबलेच. "आरं मग इकडं कुठं? इकडं फुडं कोकणकडा हाय."

कोकणकडा ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की तो कडा वाटीसारखा आत वळलेला आहे आणि धुक्यात त्याची कड दिसत नाही. आम्ही पूर्व समजून पश्चिमेला चालत होतो. मी जागच्या जागी अर्धी गिरकी घेतली. फोन म्हणाला, ‘पूर्व, ९७ अंश’. आणखी थोडा वळलो. ‘पूर्व, ९१ अंश’. मी कुठेही तोंड केलं तरी माझ्या फोनला ती पूर्वच वाटत होती.

दोष फोनचा नव्हता, माझा होता. बाइकच्या हँडलवर फोन चिकटावा म्हणून मी कव्हरला मागून चुंबकाची एक चकती लावली होती आणि ती काढायची विसरलो होतो. चुंबकाजवळ होकायंत्र चुकतं हे शाळेतच शिकलो होतो की! पण फोनमध्ये सुई नाही, लटकणारं काही नाही, मग त्याला चुंबकाचा त्रास का व्हावा, असा काहीतरी भोळा समज डोक्यात होता. घरी आल्यावर मी या प्रकरणाच्या मागे लागलो. शोधता शोधता विषय तांब्याच्या तारेत धावणाऱ्या इलेक्ट्रॉनपर्यंत जाऊन पोहोचला. तेच इथे सांगतो.

फोन नेमकं काय मोजतो?

फोनमध्ये मॅग्नेटोमीटर नावाची एक चिप असते, तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान. (स्वस्तातल्या काही फोनमध्ये ती नसते, त्यात होकायंत्राचं ॲप चालतच नाही.) ही चिप आपल्या जागी असलेलं चुंबकीय क्षेत्र तीन दिशांना मोजते, फोनच्या रुंदीच्या, लांबीच्या आणि जाडीच्या. बस, तिचं काम तेवढंच. एकक मायक्रोटेस्ला. महाराष्ट्रात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण ४३ मायक्रोटेस्ला आहे. ते जमिनीला समांतर नसतं, उत्तरेकडे जाता जाता जमिनीत घुसतं, मुंबईच्या आसपास पंचवीसएक अंशांनी. म्हणून फोन दुसऱ्या एका सेन्सरकडून ‘खाली कुठे’ हे विचारून घेतो, घुसणारा भाग वगळतो आणि उरलेल्या आडव्या भागाची दिशा ‘उत्तर’ म्हणून दाखवतो.

आता यातली मेख बघा. चिपला पृथ्वीचं क्षेत्र आणि चकतीचं क्षेत्र वेगळं ओळखता येत नाही. दोन्ही मिळून जो काही बाण तयार होतो तो एकच, आणि फोन त्यालाच उत्तर म्हणतो. माझ्या चकतीसकट फोनने घरी ८५० मायक्रोटेस्लाच्या आसपास आकडा दाखवला. चकती काढली की ४३. चकती फोनला चिकटलेली, म्हणजे तिचा ८५० चा बाण फोनबरोबरच फिरणार. पृथ्वीचा ४३ चा बाण त्या दांडगटाला फार तर तीन अंश इकडे, तीन अंश तिकडे हलवू शकतो. गडावर फोन ९१ ते ९७ च्या मध्येच का घोटाळत होता, ते मला हे गणित केल्यावर कळलं.

पण ही क्षेत्रं येतात कुठून? लोखंडात जन्मतःच काही जादू असते म्हणून? नाही. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच निघतं, ते म्हणजे हलणारे इलेक्ट्रॉन.

कोपनहेगनमधली सुई

१८२० पर्यंत वीज आणि चुंबक हे दोन वेगळे विषय होते. डेन्मार्कमधले प्राध्यापक हान्स ख्रिश्चन ऑर्स्टेड यांना मात्र दोघांचं काहीतरी नातं असावं असा संशय होता. त्या वर्षी वसंतात, व्याख्यान चालू असताना त्यांनी बॅटरीला जोडलेली तार होकायंत्राजवळ नेली आणि सुई किंचित हलली. जुलैमध्ये त्यांनी चार पानांचा लॅटिन लेख छापून युरोपभर पाठवला. लोकांना चक्रावून टाकलं ते सुईच्या दिशेने. सुई तारेकडे ओढली जात नव्हती, तारेपासून दूरही ढकलली जात नव्हती. ती तारेला आडवी होऊ बघत होती. प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र तारेभोवती बांगडीसारखं गोल असतं, हे त्यातून निघालं. तोपर्यंत माहीत असलेलं प्रत्येक बल सरळ रेषेत खेचायचं किंवा ढकलायचं. हे असं वेढे घालणारं काहीतरी नवीनच होतं.

हा प्रयोग तुम्ही फोनवर करू शकता, आणि ऑर्स्टेडपेक्षा चांगला. फायफॉक्स हे फुकट ॲप घ्या, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात बनलेलं आहे. त्यात मॅग्नेटोमीटर उघडलं की तिन्ही दिशांचे आकडे वेगवेगळे दिसतात. चिप फोनमध्ये कुठे आहे ते आधी शोधा. लोखंडी स्क्रूड्रायव्हरचं टोक फोनच्या पाठीवरून हळूहळू फिरवायचं, आकडे जिथे सगळ्यात जास्त उड्या मारतील तिथे चिप. बऱ्याच फोनमध्ये ती वरच्या भागात कुठेतरी सापडते.

मग एक साधा दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घ्या आणि मीटरभर प्लॅस्टिकचं आवरण असलेली वायर. वायर फोनच्या लांबीच्या दिशेने चिपच्या खालून न्या आणि तिची दोन टोकं सेलला एक-दोन सेकंद टेकवा. जास्त वेळ नाही, कारण हे सरळसरळ शॉर्ट सर्किट आहे, वायर आणि सेल दोन्ही तापतात. आणि हे फक्त पेन्सिल सेलवरच करायचं! पॉवर बँक, फोनची बॅटरी, भिंतीतला प्लग यातलं काहीही चालणार नाही.

माझ्या फोनवर रुंदीच्या दिशेचा आकडा झटकन ५० ने सरकला, म्हणजे पृथ्वीच्या पूर्ण क्षेत्रापेक्षाही जास्त. सेल उलटा केला, आकडा उलट्या बाजूला सरकला. वायर फोनच्या खालून काढून वरून नेली, पुन्हा उलटा. तारेभोवतीची बांगडी ती हीच. चिप तारेच्या वर असताना क्षेत्र एका बाजूला, खाली असताना दुसऱ्या बाजूला.

एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. १ अँपिअर प्रवाह असलेल्या लांब सरळ तारेपासून १ सेंटिमीटरवर क्षेत्र २० मायक्रोटेस्ला असतं. अंतर दुप्पट केलं की निम्मं, दहापट केलं की दहावा भाग. हा आकडा आपल्याला शेवटी पुन्हा लागणार आहे.

‘मग चार्जिंगची केबल जवळ आणली की होकायंत्र गडबडत कसं नाही?’ मीही तसंच करून बघितलं होतं आणि फार काही हाती लागलं नव्हतं. कारण केबलमध्ये दोन तारा असतात, एकीतून प्रवाह जातो, दुसरीतून तेवढाच परत येतो. दोघींच्या बांगड्या उलट दिशेच्या, आणि तारा एकमेकींना चिकटून, त्यामुळे जवळपास सगळं रद्द होतं. सेलच्या वायरची जाणारी आणि येणारी बाजू एकत्र पीळ घालून प्रयोग पुन्हा करा, आकडा जेमतेम हलेल. हेही शेवटी लागणार आहे.

गोगलगाईच्या चालीने

‘धावते इलेक्ट्रॉन’ असं आपण म्हणतो खरं, पण ते किती धावतात? १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर जात असेल, तर इलेक्ट्रॉनची सरासरी पुढची सरक सेकंदाला ०.०७ मिलिमीटर निघते. तासाला सव्वीसएक सेंटिमीटर. गोगलगाय यांच्यासमोर एक्स्प्रेस गाडी वाटेल! मीटरभर तारेच्या एका टोकाचा इलेक्ट्रॉन दुसऱ्या टोकाला पोहोचायला चार तास. (बटण दाबताच दिवा लागतो, कारण तारेतले सगळे इलेक्ट्रॉन एकदमच सरकायला लागतात. पाण्याने भरलेल्या नळीचा नळ उघडला की दुसऱ्या टोकाने लगेच पाणी येतं, तसं.)

एवढ्या संथ चालीने सुई हलते, ती संख्येच्या जोरावर. तांब्याच्या एका घन मिलिमीटरमध्ये मोकळे इलेक्ट्रॉन असतात ८५ अब्ज गुणिले १ अब्ज, म्हणजे ८५ वर १८ शून्यं. वारीतला एकेक माणूस कितीही सावकाश चालला तरी अख्ख्या वारीचा पायरव लांबवर ऐकू येतो, तसंच काहीसं.

ऑर्स्टेडना यातलं काहीच माहीत नव्हतं. इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये. त्यामुळे चुंबकीय क्षेत्र तारेत घडणाऱ्या एखाद्या खास गोष्टीमुळे येतं, की प्रभाराच्या निव्वळ हलण्यामुळे, हा प्रश्न बरीच वर्षं खुला होता. त्याचा निकाल लावणारा प्रयोग मला ऑर्स्टेडच्या प्रयोगापेक्षाही जास्त आवडतो. हेन्री रोलंड या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये बर्लिनला हेल्महोल्ट्झ यांच्या प्रयोगशाळेत सोन्याचा मुलामा दिलेली एक कडक रबराची तबकडी घेतली, तिच्यावर स्थिर वीज साठवली आणि ती गरगर फिरवली. त्या फिरण्याच्या मार्गात बॅटरी नाही, तारेतून वाहणारा प्रवाह नाही. नुसता साठवलेला प्रभार, जागेवरून हलवलेला. जवळ टांगलेली नाजूक चुंबकसुई वळली. तबकडी उलट फिरवली, सुई उलट वळली. प्रभार हलला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, मग तो तारेत असो की तबकडीवर.

आता एक आगाऊ प्रश्न. समजा मीच इलेक्ट्रॉनच्या बरोबरीने, त्याच वेगाने चालायला लागलो तर? माझ्या दृष्टीने तो इलेक्ट्रॉन थांबलेला. मग त्याचं चुंबकीय क्षेत्र कुठे गेलं? प्रश्न पोरकट वाटतो, पण आइनस्टाइनच्या १९०५ मधल्या सापेक्षतेच्या लेखाची सुरुवात अशाच कोड्याने होते. हलतं कोण, चुंबक की तार, यावरून स्पष्टीकरण बदलायचं आणि परिणाम मात्र तोच राहायचा, हे त्यांना खटकत होतं.

उत्तर असं. तारेत इलेक्ट्रॉन असतात तसे धन प्रभाराचे तांब्याचे अणूही असतात, दोन्ही समसमान, म्हणून तार एकूण उदासीन. इलेक्ट्रॉनबरोबर चालणाऱ्या मला मात्र ते अणू मागे पळताना दिसतात, आणि सापेक्षतेच्या नियमानुसार पळत्या गोष्टींमधलं अंतर किंचित आक्रसतं. अणू जरा दाट दिसतात, इलेक्ट्रॉन जरा विरळ, म्हणजे मला तार किंचित धन प्रभारित वाटते. ती शेजारच्या इलेक्ट्रॉनला साध्या विद्युत बलाने खेचते. बाहेर उभा असलेला माणूस त्याच खेचण्याला चुंबकीय बल म्हणतो. गोगलगाईच्या वेगाला हे आक्रसणं किती? दशांश चिन्हानंतर २५ शून्यं, मग पहिला आकडा. पण तारेत प्रभार एवढा प्रचंड भरलेला असतो की एवढ्याशा फरकानेही मोजता येईल असं बल उरतं. सापेक्षता म्हणजे अवकाशयानातली गोष्ट असं मला वाटायचं. ती पेन्सिल सेलच्या वायरमध्येही आहे हे कळल्यावर मी थोडा वेळ नुसताच बसून होतो.

माझ्या चकतीत मात्र बॅटरीही नव्हती आणि तारही. तिथे हललं कोण? प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतःच एक इवलंसं चुंबक असतो. त्या गुणधर्माला स्पिन म्हणतात. नावावरून तो भोवऱ्यासारखा फिरत असेल असं वाटतं, पण तसं चित्र डोक्यात ठेवू नका, ते हिशोबात बसत नाही. बहुतेक पदार्थांत ही इवली चुंबकं जोड्याजोड्यांनी एकमेकांना रद्द करतात. लोखंडासारख्या थोड्या पदार्थांत काही बिनजोडीची उरतात आणि शेजारी शेजारी एकाच दिशेला तोंड करून उभी राहतात. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणातही लोहाच्या ऑक्साइडचे असे कण आहेत. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्या कणांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा पकडून ठेवली. त्यातले बरेच थर आजच्या उलट दिशेचे आहेत, कारण तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते. म्हणून गडावर फोन कातळावर टेकवून दिशा बघू नये, हातात धरावा.

चिपच्या पोटात

इलेक्ट्रॉन हलले की क्षेत्र तयार होतं, ही झाली एक बाजू. क्षेत्रही हलत्या इलेक्ट्रॉनला सोडत नाही. ते त्याला ढकलतं, पण पुढे किंवा मागे नाही, तर बाजूला, त्याच्या चालीला काटकोनात. थांबलेल्या इलेक्ट्रॉनला स्थिर चुंबकीय क्षेत्र हातही लावत नाही.

१८७९ मध्ये बाल्टिमोरला एडविन हॉल नावाचा विद्यार्थी सोन्याच्या पातळ वर्खातून प्रवाह सोडून तो वर्ख चुंबकात धरत होता. त्याचे गुरू कोण, तर तबकडीवाले रोलंडच. इलेक्ट्रॉन बाजूला ढकलले जात असतील तर वर्खाच्या एका कडेला त्यांची गर्दी व्हायला हवी आणि दोन कडांमध्ये थोडासा व्होल्टेज दिसायला हवा. दिसला. क्षेत्र जेवढं मोठं, तेवढा तो व्होल्टेज मोठा.

बऱ्याच फोनमधली होकायंत्राची चिप हेच करते. सोन्याच्या जागी अर्धवाहकाच्या पट्ट्या, एवढाच फरक. काही चिपमध्ये दुसरी पद्धत असते, त्यात चुंबकीय क्षेत्रामुळे पातळ थराचा रोध बदलतो आणि तो मोजला जातो. फ्लिप कव्हर बंद केलं की स्क्रीन विझते ना, तिथेही बहुधा हॉलचाच सेन्सर कव्हरमधलं छोटं चुंबक ओळखत असतो. स्पीकरमध्ये चुंबकाजवळच्या वेटोळ्यातल्या इलेक्ट्रॉनना हाच काटकोनी धक्का बसतो आणि पडदा हलतो. वायरलेस चार्जिंगमध्ये पॅडमधला प्रवाह सेकंदाला लाखाहून जास्त वेळा दिशा बदलतो, त्याचं क्षेत्र तसंच बदलतं आणि बदलतं क्षेत्र फोनच्या वेटोळ्यातल्या इलेक्ट्रॉनना हलवतं. हा १८३१ मधला फॅरडेचा शोध. त्यावर वेगळा लेख लिहावा लागेल.

पण मघाशी म्हटलं ते आठवा. चिपला सगळी क्षेत्रं एकसारखी, आणि स्पीकरचं चुंबक तर फोनच्या आतच असतं. मग फोनला उत्तर सापडते तरी कशी? इथे तो हवेत इंग्रजी आठचा आकडा काढायचा प्रकार येतो. मी वर्षानुवर्षं तो एखाद्या तोडग्यासारखा करत आलो होतो. कारण साधं आहे. फोन फिरवला की आतलं चुंबक त्याच्याबरोबर फिरतं, म्हणून त्याचं वाचन बदलत नाही. पृथ्वी मात्र फोनबरोबर फिरत नाही, म्हणून तिचं वाचन दर वळणाला बदलतं. फोन सगळ्या बाजूंनी फिरवून घेतलेली वाचनं मांडली तर त्यांचा एक गोल तयार होतो. गोलाची त्रिज्या म्हणजे पृथ्वीचं क्षेत्र, आणि गोलाचा मध्य शून्यापासून जेवढा सरकलेला, तेवढं फोनचं स्वतःचं क्षेत्र. सॉफ्टवेअर तो मध्य शोधतं आणि प्रत्येक वाचनातून वजा करतं. म्हणून फोन नुसता आडवा गोल फिरवून भागत नाही, तो उलटापालटाही व्हायला हवा.

गडावर मी आठचा आकडा काढला असता तर फोनने चकतीचे ८५० वजा केलेही असते कदाचित. पण अशी चकती कव्हरमध्ये मिलिमीटरभर सरकली तरी तो हिशोब कोसळतो. त्यापेक्षा धुक्यात मला आता दुसरी युक्ती बरी वाटते. नकाशावरच्या निळ्या ठिपक्याची जागा जीपीएसवरून येते, तिचा चुंबकाशी संबंध नाही. ठिपक्याला जोडलेला पंखा, म्हणजे ‘तुमचं तोंड कुठे आहे’ हे दाखवणारा, तो मात्र उभ्या जागी मॅग्नेटोमीटरवरून येतो. पंख्यावर शंका आली तर पायाखालची वाट पक्की असताना तीस-चाळीस पावलं चालायचं आणि ठिपका कुठे सरकला ते बघायचं. नकाशा आधीच डाउनलोड केलेला हवा, हे वेगळं सांगत नाही. तेव्हा मी तोही केला नव्हता.

ट्राम आली आणि वेधशाळा अलिबागला गेली

हे सगळं वाचत असताना एक गोष्ट सापडली, आणि ती आपल्या इथलीच. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४० च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. सप्टेंबर १८५९ मध्ये सूर्यावरच्या स्फोटानंतर इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं चुंबकीय वादळ आलं, तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या, तेव्हा कुलाब्याच्या नोंदीत क्षेत्राचा आडवा भाग सुमारे १.६ मायक्रोटेस्लाने खाली गेला. त्या वादळाची ताकद ठरवताना आजही शास्त्रज्ञ ही नोंद वापरतात. हे क्षेत्र खाली खेचणारेही प्रवाहच, पृथ्वीभोवती अवकाशात वाहणारे. आणि मूळचं ४३ चं क्षेत्र म्हणजे आपल्या पायांखाली सुमारे २,९०० किलोमीटरवर सुरू होणाऱ्या वितळलेल्या लोखंडातले प्रवाह.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम आणायचं ठरलं. ट्रामचा प्रवाह वरच्या तारेतून येतो आणि खालच्या रुळांतून परत जातो, थोडा जमिनीतही पाझरतो. चार्जिंग केबलसारख्या चिकटलेल्या दोन तारा नव्हेत या. जाणारी वाट हवेत आणि येणारी जमिनीत, मध्ये भलं मोठं अंतर, म्हणून क्षेत्र रद्द होत नाही, दूरवर पसरतं. १.६ मायक्रोटेस्ला म्हणजे किती, ते वरच्या आकड्यावरून काढा. १ अँपिअरची एक तार साडेबारा सेंटिमीटरवर ठेवली की तेवढं क्षेत्र मिळतं. जगाला हादरवणारं वादळ इथे एवढंच दिसलं होतं, मग शेजारून दिवसभर ट्राम धावल्यावर नोंदींचं काय होणार?

वेधशाळेचे संचालक तेव्हा नानाभॉय मूस होते, त्या पदावरचे पहिले भारतीय. त्यांनी चुंबकीय नोंदींसाठी खाडीपलीकडे अलिबागची जागा निवडली. तिथली इमारत अचुंबकीय अशा पोरबंदरी दगडात बांधली. १९०४ पासून अलिबागच्या नोंदी सुरू झाल्या, आणि १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप केलं, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेला नीट जोडता यावी. मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली मे १९०७ मध्ये. तोवर उपकरणं समुद्रापलीकडे पोहोचली होती.

मुंबईतल्या त्या ट्राम १९६४ मध्ये बंद झाल्या. अलिबागची वेधशाळा अजून चालू आहे, आता ती पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. माझी चकती मात्र सध्या बाइकच्या डिकीत पडून असते, फोनपासून हातभर लांब.